टोकाची खुर्ची धरणाऱ्यांसाठी

गणेशोत्सवातील व्याख्यान असो, शारदोत्सवातील नाट्यप्रयोग असो किंवा कुणाच्या घरचे मंगलकार्य असो, साठी उलटलेली आपल्यातील काही मंडळी नेहमी रांगेच्या टोकाचीच खुर्ची धरतात. मधल्या जागेचा आग्रह केला तर ‘इथेच वारा बरा येतो’ असे काहीतरी सांगून वेळ मारून नेतात. चहा नको म्हणतात, पाण्याचा पेला ओठांना लावल्यासारखा करून खाली ठेवतात, आणि सभागृहात शिरताच त्यांची नजर व्यासपीठाकडे न जाता प्रसाधनगृहाच्या पाटीकडे जाते. इंदूरहून पुण्याला रात्रभर बसने जायचे म्हटले की ह्याच मंडळींना एकाएकी घरची कामे आठवतात. पिढ्यान् पिढ्या महाराष्ट्राबाहेर राहिलेल्या आपल्यासारख्या कुटुंबांचे अर्धे गोत महाराष्ट्रात असते. रात्रीचा प्रवास टळू लागला की भाचीचे लग्न, नातवाची मुंज, मावशीचे दिवसकार्य सारेच टळू लागते. लोक म्हणतात, वय झाले, आता उत्साह राहिला नाही. पुष्कळदा उत्साह शाबूत असतो. आड येते ती पुरःस्थ ग्रंथी, जिला आपण सर्रास प्रोस्टेट म्हणतो.

ह्या दुखण्याविषयी घरात बोलणे होत नाही. हृदयविकाराचा झटका येऊन गेलेला मनुष्य आपली हकीकत दहा जणांना रंगवून सांगतो. मोतीबिंदूची शस्त्रक्रिया हा तर आता कौतुकाचा विषय झाला आहे. लघवीच्या तक्रारीला मात्र आपल्या भाषेत धड शब्दही सापडत नाही. एक तर आडपडद्याचा ‘बाहेर जाऊन येतो’, नाहीतर थेट दवाखान्यातील इंग्रजी. त्यातून डॉक्टर इंदुरात हिंदी बोलणार, बडोद्यात गुजराती, बेळगावात कानडी आणि हैदराबादेत तेलुगू. धार बारीक झाली आहे, मधेच तुटते, झाल्यावरही उरल्यासारखे वाटते, हे बारकावे परभाषेत सांगता सांगता ज्येष्ठांची जीभ अडखळते आणि ‘थोड़ी तकलीफ़ है’ एवढ्यावर सारे आटोपते. आपले पूर्वज ह्या बाबतीत अधिक मोकळे असावेत. सुश्रुतसंहितेच्या उत्तरतंत्रात मूत्राघाताचे, म्हणजे लघवी अडण्याचे, बारा प्रकार सांगितले आहेत. त्यांपैकी ‘वाताष्ठीला’ ह्या प्रकाराचे वर्णन वाढलेल्या प्रोस्टेटशी जुळते असे आधुनिक वैद्य मानतात. अष्ठीला म्हणजे गोटा. नावातच निदान आले.

१७ जानेवारी २०२४ रोजी इंग्लंडच्या राजवाड्यातून एक पत्रक निघाले. राजे तिसरे चार्ल्स ह्यांची पुरःस्थ ग्रंथी वाढली असून त्यावर उपचारासाठी ते रुग्णालयात दाखल होणार आहेत, वाढ कर्करोगाची नाही, असा त्यातील मजकूर होता. राजघराणी आजार झाकून ठेवण्यासाठी प्रसिद्ध. ह्या राजाने मात्र आजाराचे नाव उच्चारले, आणि तेथील सरकारी आरोग्यसेवेच्या माहितीपानावर ह्या विषयाची चौकशी करणाऱ्यांची संख्या एका दिवसात अनेक पटींनी वाढली. पुढे त्याच वर्षीच्या फेब्रुवारीत त्यांना निराळा कर्करोग आढळल्याचे जाहीर झाले, तो प्रोस्टेटचा नव्हता. ही सारी हकीकत आमच्या भाऊजींनी वर्तमानपत्रात वाचली आणि घडी घालून ठेवून दिली. बोलले काहीच नाहीत. त्यांच्याविषयी पुढे लिहायचे आहेच. आधी ह्या ग्रंथीची ओळख करून घेऊ.

मूत्राशयाच्या तळाशी, मूत्रमार्गाला कंकणासारखा वेढा घालून ही ग्रंथी बसलेली असते. तारुण्यात तिचा आकार अक्रोडाएवढा आणि वजन साधारण २० ग्रॅम. वीर्यातील काही द्रव निर्माण करणे हे तिचे काम. चाळिशीनंतर ती हळूहळू वाढू लागते. साठीच्या घरात सुमारे निम्म्या पुरुषांत, आणि ऐंशीच्या पुढे दहांपैकी आठ-नऊ जणांत, सूक्ष्मदर्शकाखाली ही वाढ दिसते. केस पांढरे होण्याइतकीच ती स्वाभाविक. मात्र केस पिकल्याने कशाची अडचण होत नाही, आणि ही ग्रंथी आतल्या बाजूने वाढली तर मूत्रमार्ग दाबते. बागेला पाणी घालताना रबरी नळीवर कुणाचा पाय पडावा तसे होते. किती वाढली ह्यापेक्षा कोठे वाढली हे अधिक महत्त्वाचे. म्हणून ४० ग्रॅमच्या ग्रंथीने एखादा बेजार होतो आणि ८० ग्रॅमची बाळगून दुसरा खुशाल पंढरीची वारी करून येतो. ही वाढ म्हणजे कर्करोग नव्हे, तिचे रूपांतरही कर्करोगात होत नाही. दोन्ही गोष्टी एकाच ग्रंथीत शेजारी शेजारी असू शकतात, एवढे मात्र ध्यानात ठेवावे लागते.

वाट अरुंद झाली की मूत्राशयाला जोर करावा लागतो. प्रारंभी त्याचे स्नायू अधिक बळकट होतात आणि वेळ निभावते. पुढे ते स्नायू चिडखोर होतात. थोडे साठले तरी घाईची कळ येते, रात्री तीन-चार वेळा उठावे लागते. त्याही पुढे ते थकतात, आणि लघवी पूर्ण बाहेर न पडता आत शिल्लक राहू लागते. त्या साचलेल्या पाण्यात जंतू वाढतात, खडे होतात, आणि उलटा दाब मूत्रपिंडापर्यंत पोहोचला तर मूत्रपिंडे निकामी होऊ लागतात. ह्या शेवटच्या टप्प्यात त्रास कमी झाल्यासारखा वाटतो हे विशेष भयंकर, कारण थकलेले मूत्राशय आता कळ देईनासे झालेले असते. ‘चालले आहे तसे चालू द्या’ म्हणणाऱ्या घरांनी हे वाक्य पुन्हा एकदा वाचावे.

आमचे भाऊजी, म्हणजे थोरल्या बहिणीचे यजमान, बँकेतून निवृत्त झालेले. वय ७१. २०१९ साली हृदयाच्या वाहिनीत स्टेंट बसवला, तेव्हापासून रक्त पातळ ठेवणारी गोळी रोजची. मूत्ररोगतज्ज्ञांनी त्यांना इंग्रजीतील एक प्रश्नपत्रिका भरायला दिली. ती जगभर वापरली जाते. गेल्या महिनाभरातील स्थितीवर सात प्रश्न असतात आणि प्रत्येकास ० ते ५ गुण. प्रश्नपत्रिका म्हटल्यावर ती माझ्याकडे येणे ओघानेच आले. मी मराठीत मांडून दिलेले प्रश्न असे : लघवी झाल्यावर मूत्राशय पूर्ण रिकामे झाले नाही असे किती वेळा वाटते; एकदा जाऊन आल्यावर दोन तासांच्या आत पुन्हा जावे लागते काय; धार थांबून थांबून येते काय; घाई लागल्यावर रोखणे कठीण जाते काय; धारेचा जोर कमी झाला आहे काय; सुरुवात करताना कुंथावे लागते काय; आणि रात्री झोपल्यापासून सकाळी उठेपर्यंत किती वेळा उठावे लागते. सातपर्यंत बेरीज आली तर त्रास सौम्य, आठ ते एकोणीस मध्यम, वीस ते पस्तीस तीव्र. परीक्षेत अधिक गुण मिळाल्याबद्दल काळजी करावी अशी ही एकमेव प्रश्नपत्रिका माझ्या पाहण्यात आहे. भाऊजींना तेवीस मिळाले.

ह्या सातांखेरीज एक आठवा प्रश्न असतो आणि त्याचे गुण निराळे धरतात : उरलेले सारे आयुष्य लघवीची स्थिती आहे अशीच राहिली तर तुम्हाला कसे वाटेल? भाऊजी पेन्सिल हातात धरून बराच वेळ बसून राहिले. उत्तर ताईने दिले. ती म्हणाली, “हे रात्री पाच वेळा उठतात, आणि दर खेपेस दिव्याचे बटण वाजले की मीही जागी होते. तीन वर्षांत मी सलग झोपलेली नाही. पुण्याला गेलेली नाही. माझे गुण कोण मोजणार?” कोष्टकात तिच्यासाठी रकाना नव्हता, परंतु पुढील निर्णयात तिचे मत धरले पाहिजे, हे त्या दिवशी आम्हां सर्वांना उमगले.

प्रश्नपत्रिकेपाठोपाठ तपासण्या झाल्या. गुदमार्गातून बोटाने ग्रंथी चाचपणे (हिला पुष्कळजण विनाकारण भितात; अर्ध्या मिनिटाचे काम असते), लघवीची आणि रक्तातील क्रिएटिनिनची तपासणी, पीएसए नावाची रक्तचाचणी, सोनोग्राफी, आणि धारेचा वेग मोजणारे यंत्र. निरोगी माणसाचा वेग सेकंदास १५ मिलिलिटर किंवा त्याहून अधिक असतो. दहाच्या खाली गेला तर अडथळ्याची शंका घेतात. भाऊजींचा सहा निघाला. ग्रंथी ९२ ग्रॅम, लघवीनंतर आत शिल्लक १९० मिलिलिटर.

औषधे दोन जातींची. टॅमसुलोसिनसारख्या गोळ्या ग्रंथीतील आणि मूत्राशयाच्या मुखातील स्नायू सैल करतात. गुण काही दिवसांत दिसतो, परंतु ग्रंथीचा आकार घटत नाही. एकदम उठून उभे राहिल्यास चक्कर येते. ज्यांचा मोतीबिंदू काढायचा आहे त्यांनी ही गोळी आपण घेतो किंवा पूर्वी घेत होतो हे नेत्रतज्ज्ञाला आवर्जून सांगावे, कारण तिच्यामुळे डोळ्यातील बाहुलीभोवतीचा पडदा शस्त्रक्रियेत लुळा पडतो; हे २००५ साली प्रथम ध्यानात आले. दुसऱ्या जातीतील फिनास्टेराइड आणि ड्युटास्टेराइड ह्या गोळ्या ग्रंथी प्रत्यक्ष लहान करतात, पण त्याला सहा महिने तरी लागतात. त्यांच्या जन्माची कथा मनोरंजक आहे. डोमिनिकन रिपब्लिक ह्या कॅरिबियन देशातील एका खेड्यात जन्मतः मुली समजली गेलेली काही मुले वयात येताना पुरुष होत. त्यांचा अभ्यास १९७४ साली प्रसिद्ध झाला. त्यांच्या शरीरात एक विशिष्ट विकर नव्हते, आणि त्यांची पुरःस्थ ग्रंथी आयुष्यभर लहानच राहत असे. मग त्या विकराला रोखणारे औषध शोधण्यात आले आणि १९९२ साली अमेरिकेत फिनास्टेराइडला मान्यता मिळाली. ह्या गोळ्यांनी पीएसएचा आकडा जवळजवळ निम्मा होतो. म्हणून अहवाल वाचताना तो दुप्पट धरावा लागतो. गोळी चालू असल्याचे डॉक्टर बदलताना सांगितले नाही, तर खोटे समाधान पदरी पडते.

भाऊजी दोन वर्षे टॅमसुलोसिनवर होते. पुढे दुसरी गोळीही सुरू झाली होती. २०२४ च्या डिसेंबरात कडाक्याची थंडी पडली, सर्दी झाली, आणि कोपऱ्यावरच्या औषधाच्या दुकानातून त्यांनी सर्दीचे सरबत आणून घेतले. त्या रात्री लघवी पूर्ण बंद झाली. सर्दीच्या पुष्कळ औषधांत नाक मोकळे करणारे आणि गुंगी आणणारे असे दोन घटक असतात. पहिला मूत्राशयाचे मुख आवळतो, दुसरा मूत्राशयाचे आकुंचन मंदावतो. प्रोस्टेट वाढलेल्या माणसाला एवढे निमित्त पुरते. पहाटे तीन वाजता रुग्णालयात नळी घालून जवळजवळ एक लिटर लघवी काढण्यात आली. पोटातील त्या ताणाची वेदना पाहिलेला मनुष्य ‘चालू द्या’ हे शब्द पुन्हा काढणार नाही. आठवड्याने नळी काढून पाहिली. लघवी झाली नाही, पुन्हा नळी घालावी लागली. आता शस्त्रक्रियेवाचून गत्यंतर नव्हते. प्रश्न एवढाच उरला, कोणती?

प्रोस्टेटच्या शस्त्रक्रियेचा इतिहास आपल्या देशाशी थोडासा जोडलेला आहे. पीटर फ्रेयर हे आयरिश शल्यवैद्य भारतीय वैद्यकीय सेवेत सुमारे वीस वर्षे होते आणि येथेच मूतखड्यांच्या शस्त्रक्रियांत त्यांचा हात बसला. १९०१ साली त्यांनी लंडनमध्ये ओटीपोट उघडून, मूत्राशयातून बोट घालून संपूर्ण वाढ सोलून काढण्याची रीत प्रसिद्ध केली. पुढे कातडीला छेद न देता मूत्रमार्गातूनच दुर्बीण घालून, विजेच्या तापलेल्या तारेने ग्रंथी आतून खरवडण्याची पद्धत १९२० आणि १९३० च्या दशकांत अमेरिकेत विकसित झाली. तिला टीयूआरपी म्हणतात. आपल्या वडिलांच्या पिढीचे ‘प्रोस्टेटचे ऑपरेशन’ ते हेच, आणि आजही नव्या पद्धतींचे मोजमाप हिच्याच तुलनेने करतात. पूर्वी ती करताना ग्लायसिनचे पाणी वापरीत. ते रक्तात शिरून सोडियम घसरे आणि रुग्ण भ्रमिष्ट होई. नव्या द्विध्रुवी यंत्रात मिठाचे पाणी चालते, त्यामुळे तो धोका टळला. ग्रंथी सुमारे ८० ग्रॅमपर्यंत असेल तर ही शस्त्रक्रिया उत्तम. ती जुनी झाली, टाकाऊ झाली असे कोणी सांगत असेल तर त्याच्याकडे विकायला दुसरे काहीतरी आहे असे खुशाल समजावे.

लेसरचा पहिला किरण १६ मे १९६० रोजी अमेरिकेत थिओडोर मेमन ह्यांनी माणकाच्या कांडीतून काढला. चारच वर्षांनी, १९६४ साली, कार्बन डायऑक्साइड लेसर शोधून काढणारे सी. के. एन. पटेल हे बारामतीत जन्मलेले आणि पुण्याच्या अभियांत्रिकी महाविद्यालयात शिकलेले, हे आपल्या मुलांना सांगण्यासारखे आहे. त्यांचा लेसर शल्यकर्मात फार चालला. प्रोस्टेटसाठी मात्र तो उपयोगाचा नाही, कारण तो पाण्यात लगेच शोषला जातो आणि नेहमीच्या बारीक काचतंतूतून आत नेता येत नाही. म्हणजे ‘लेसर’ हे एका वस्तूचे नाव नव्हे, कुळाचे नाव आहे, आणि कुळातील प्रत्येकाचा स्वभाव निराळा. १९९० च्या सुमारास प्रोस्टेटवर जो लेसर प्रथम वापरला गेला तो ग्रंथी आतून शिजवून ठेवीत असे. मृत भाग पुढे कित्येक आठवडे झडत राही, तोवर नळी आणि जळजळ. ती पद्धत मागे पडली. ‘लेसरने केले’ एवढे म्हटल्याने शस्त्रक्रिया चांगली ठरत नाही, ह्याचा हा इतिहासानेच दिलेला पुरावा.

आज मुख्यतः दोन रीती प्रचलित आहेत. पहिली हिरव्या लेसरची. ५३२ नॅनोमीटर तरंगलांबीचा हा प्रकाश रक्तातील लाल द्रव्य शोषून घेते, त्यामुळे रक्ताने भरलेली ऊती वाफ होऊन उडून जाते आणि रक्तवाहिन्या तेथल्या तेथे बंद होतात. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या घेणाऱ्यांना ही सोयीची. पण ऊतीची वाफच झाल्यामुळे प्रयोगशाळेत तपासायला तुकडा उरत नाही, आणि फार मोठ्या ग्रंथीस वेळ लागतो. दुसरी रीत होल्मियम लेसरची, जिला होलेप म्हणतात. ती न्यूझीलंडमध्ये १९९० च्या दशकात पीटर गिलिंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी बसवली. मूतखडे फोडतात तोच हा लेसर. त्याचा परिणाम ऊतीत अर्ध्या मिलिमीटरपेक्षाही कमी खोल जातो, म्हणून तो धारदार सुरीसारखा चालवता येतो. नागपुरी संत्रे सोलताना सालीच्या आत बोट फिरवून फोडी मोकळ्या कराव्यात तसा वाढलेला भाग बाहेरील आवरणापासून सुटा करून मूत्राशयात ढकलतात. तेथे दुसऱ्या यंत्राने त्याचा कीस करून बाहेर ओढतात. फ्रेयर बोटाने करीत असत तेच हे सोलणे, फक्त पोट न उघडता. ग्रंथी कितीही मोठी असली तरी चालते, रक्त कमी जाते, नळी बहुधा एक-दोन दिवसांत निघते. काढलेला भाग तपासणीस मिळतो. थुलियम नावाच्या लेसरनेही असेच करता येते.

भाऊजींना दोन तज्ज्ञांनी पाहिले. पहिल्यांनी टीयूआरपी करता येईल म्हटले, पण ९२ ग्रॅमला वेळ लागेल आणि हृदयाची गोळी काही दिवस थांबवावी लागेल अशी पुस्ती जोडली. दुसऱ्यांनी होलेप सुचवले. पहिले चुकीचे सांगत होते असे नाही. आपल्या हाताला जे बसले आहे ते त्यांनी प्रामाणिकपणे सांगितले, आणि कारणेही दिली. ह्याउलट एका ठिकाणी, ज्याचे नाव घेत नाही, अहवाल पुरते न उलगडताच ‘बिना चीरा, बिना दर्द, उसी दिन घर’ असे सांगून आगाऊ रक्कम मागण्यात आली. लेसर कोणता, असे विचारल्यावर समोरच्या तरुणाने “लेटेस्ट” एवढेच उत्तर दिले. तो डॉक्टर नव्हता, विक्रेता होता.

अशा वेळी काय विचारावे? आमच्या अनुभवाने सर्वांत महत्त्वाचा प्रश्न यंत्राचा नसून हाताचा आहे. होलेप शिकायला कठीण. पहिल्या काही डझन शस्त्रक्रियांपर्यंत शल्यवैद्याचा हात पुरता बसत नाही, असे ह्या क्षेत्रातील मंडळीच सांगतात. म्हणून ‘आपण स्वतः अशा किती केल्या, आणि एवढ्या आकाराच्या किती’ हे विचारण्यात उद्धटपणा नाही. चांगला डॉक्टर शांतपणे उत्तर देतो. हृदयाच्या गोळीविषयी मूत्ररोगतज्ज्ञ आणि हृदयरोगतज्ज्ञ ह्यांनी एकमेकांशी बोलून ठरवावे. रुग्णाने किंवा घरच्यांनी परस्पर ती बंद करू नये. पैशाचेही तसेच. सांगितलेल्या रकमेत भूल, काचतंतू, ऊतीची तपासणी आणि मुक्काम धरला आहे की नाही, हे कागदावर लिहून घ्यावे. खाजगी आरोग्यविम्याच्या अनेक पॉलिसींत प्रोस्टेटला पहिली दोन वर्षे संरक्षण नसते, तेव्हा पॉलिसीचा बारीक मजकूर आधीच वाचावा. ऑक्टोबर २०२४ पासून आयुष्मान भारत योजनेत ७० वर्षांवरील सर्वांना, उत्पन्न कितीही असो, वर्षाला ५ लाख रुपयांपर्यंत संरक्षण मिळू लागले आहे. कोणते रुग्णालय योजनेत आहे आणि तेथे कोणती शस्त्रक्रिया मान्य आहे, हे मात्र प्रत्यक्ष जाऊन विचारावे लागते.

आता ज्याविषयी कोणीच बोलत नाही ते. ह्या शस्त्रक्रियेनंतर, मग ती तारेची असो वा होल्मियमची, दहांपैकी सात-आठ पुरुषांत वीर्य बाहेर न येता उलट मूत्राशयात जाते आणि नंतर लघवीवाटे निघून जाते. त्यापासून शरीरास अपाय नाही. पौरुष सामान्यतः अबाधित राहते. परंतु हे आधी न कळल्यास मनुष्य मनातून खचतो आणि पत्नीशीही बोलत नाही. सत्तरीच्या गृहस्थांना हे काय सांगायचे, असे डॉक्टरांनी परस्पर ठरवू नये. आणि पन्नाशीतील रुग्णाने तर हा प्रश्न पहिल्या भेटीतच काढावा. त्याला हे नको असेल तर लहान ग्रंथीसाठी, वीर्यमार्ग बहुधा अबाधित ठेवणारे वाफेचे किंवा टाक्यांनी ग्रंथी बाजूला खेचून धरण्याचे उपाय आहेत. त्यांचा गुण तुलनेने कमी टिकतो.

दुसरे म्हणजे गळती. होलेपनंतर काही जणांना खोकताना, शिंकताना, उठताना थेंब थेंब लघवी होते. बहुतेकांची ही तक्रार तीन ते सहा महिन्यांत जाते. शंभरात एखाद-दुसऱ्याची राहते. ओटीपोटाच्या तळाचे स्नायू आवळण्याचे व्यायाम शस्त्रक्रियेच्या आधीपासून करावे लागतात. व्यायामतज्ज्ञ बाई भाऊजींना इंग्रजी नावांनी समजावीत होत्या, त्यांच्या काही ध्यानात येईना. शेवटी ताई म्हणाली, “अहो, मूलबंध लावा म्हणताहेत त्या.” मग एका मिनिटात जमले.

२०२५ च्या फेब्रुवारीत होलेप झाले. कमरेत सुई देऊन खालचा भाग बधिर केला होता. दोन तास लागले. तिसऱ्या दिवशी नळी निघाली आणि त्यांना लघवी झाली. शेजारच्या खोलीतील अनोळखी गृहस्थांना ते आनंदाने सांगून आले. तोवर एक शब्द न बोलणारा हा मनुष्य! पुढचे सारे सुरळीत झाले असे नाही. दहाव्या दिवशी ओझे उचलल्याने लघवीतून लाल रक्त आले, घरात घबराट झाली, भरपूर पाणी पिऊन दोन दिवसांत ते थांबले. सात आठवडे चड्डीत घडी ठेवावी लागली, आणि त्या काळात ते चिडचिडे झाले होते हेही लिहिले पाहिजे. रात्रीचे उठणे पाचावरून एकावर आले. पूर्ण थांबलेले नाही, कारण वर्षानुवर्षे ताणलेले मूत्राशय एकदम ताळ्यावर येत नाही. मे महिन्यात दोघे बसने पुण्यास जाऊन मुंज उरकून आली.

काढलेल्या भागाचा अहवाल पंधरा दिवसांनी आला होता. अशा तपासणीत काही थोड्या रुग्णांत आधी न दिसलेला कर्करोग सापडतो, म्हणून तो कागद हातात घेतल्याशिवाय फाइल बंद करू नये. भाऊजींचा अहवाल निर्वेध निघाला. तरीही संत्र्याची साल आतच आहे. ग्रंथीचा बाहेरील भाग शस्त्रक्रियेने काढलेला नसतो आणि कर्करोग बहुधा तेथेच उद्भवतो. ‘माझे प्रोस्टेट काढले, आता मला कशाची तपासणी’ असे म्हणणारे गृहस्थ मला दोन-तीन तरी भेटले आहेत. शस्त्रक्रियेनंतर पीएसए खूप खाली येतो. तो नवा आकडा लिहून ठेवायचा आणि पुढे डॉक्टर सांगतील तेव्हा पुन्हा तपासून त्याच्याशी ताडायचा असतो. आमच्याकडे तो ताईने दिनदर्शिकेच्या मागच्या पानावर, गॅसच्या टाकीच्या तारखांखाली, लिहून ठेवला आहे.